पॅकेजिंगची छपाई: डिजिटल, ऑफसेट, फ्लेक्सो की ग्रॅव्हर? ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या आमच्या टेबलासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच बोलतो : "एका बॉक्सला किती पडेल?" त्यावर आम्ही विचारतो, "बॉक्सवरचं काय काय अजून बदलू शकतं?" प्रश्नाला प्रश्न केला म्हणून काही जण वैतागतात. पण कोणत्या पद्धतीने छापायचं हे आमच्या मते दरापेक्षा या दुसऱ्या प्रश्नावर जास्त ठरतं. आमच्याकडे स्वतःचं मशीन नाही. आम्ही फाइल छपाईयोग्य करतो आणि काम वागळे, रबाळे, महापे, पवणे इथल्या छापखान्यांतून करवून घेतो, त्यामुळे अमुक एकच पद्धत गळ्यात मारायची आम्हाला गरज पडत नाही. खालचे प्रश्न समोर बसून विचारले गेलेले आहेत, उत्तरंही बोलतो तशीच ठेवली आहेत.

डिजिटल आणि पारंपरिक छपाईत नेमका फरक काय?

साचा. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक रंगाचा आधी साचा करावा लागतो. ऑफसेटला अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा, फ्लेक्सोला रबरासारख्या मऊ फोटोपॉलिमरच्या प्लेटा, आणि ग्रॅव्हरला तांब्याच्या थरावर कोरून वरून क्रोम चढवलेले जड सिलिंडर. चार रंग म्हणजे चार साचे. ते मशीनवर चढवायचे, चारही रंग एकावर एक नेमके बसेपर्यंत कागद किंवा फिल्म वाया घालवायची, आणि मग खरी छपाई सुरू. डिजिटलमध्ये फाइल थेट मशीनला जाते. टोनर (रंगाची बारीक पूड) किंवा शाई पडते, पहिलाच कागद कामाचा निघतो, आणि दुसऱ्या कागदावर पहिल्यापेक्षा वेगळं चित्र आलं तरी मशीनला त्याचं काही वाटत नाही.

ऑफसेटची गंमत अशी की तिथे प्लेट सपाटच असते. चित्राचा भाग तेलकट शाई धरतो, उरलेला भाग पाणी धरतो, आणि तेल-पाणी एकमेकांत मिसळत नाही. ती शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. हे तेल-पाण्याचं तत्त्व आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने १७९६ मध्ये दगडावर शोधलं. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्म्यांचा छापखाना याच तत्त्वावर चालायचा, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती अशीच छापलेली. मसाल्याचा डबा ऑफसेटला टाकताना आपण त्याच घराण्यातलं काम करत असतो, दगड तेवढा गेला.

माझ्या मालासाठी कोणती पद्धत, हे एका वाक्यात सांगता येईल?

एका वाक्यात नाही, पण वस्तूवरून अर्धं उत्तर मिळतं. मिठाई, साबण, औषध, मेणबत्ती यांचे डुप्लेक्स (समोरून पांढरा, मागून करडा पुठ्ठा) किंवा पांढऱ्या बोर्डाचे डबे असतील तर ऑफसेट की डिजिटल एवढाच वाद उरतो. तपकिरी कोरुगेटेड, म्हणजे आत लाटेसारख्या नाल्यांचा कागद असलेल्या खोक्यांना सहसा फ्लेक्सो. फरसाण-मसाल्याची छापील पाऊच मोठ्या संख्येने हवी असतील तर ग्रॅव्हर. स्टिकर लेबलं डिजिटल, ऑफसेट, फ्लेक्सो अशी तिन्हीकडे होतात, तिथे संख्या आणि मजकूर काय म्हणतो ते बघायचं.

किती नगांपर्यंत डिजिटल परवडतं?

हिशोब समजून घ्या, मग कोणाचंही कोटेशन तुम्हीच तपासू शकाल. पुढचे आकडे बाजारभाव नाहीत, गणितासाठी सोपे घेतले आहेत.

समजा चकलीचा एक डबा आहे. ऑफसेटमध्ये प्लेटा, मशीन लावणं आणि वाया जाणारा कागद मिळून ९,००० रुपये, आणि पुढे प्रत्येक डब्याला ७ रुपये. डिजिटलमध्ये सुरुवातीचा खर्च शून्य, पण प्रत्येक डबा २५ रुपये. एका डब्यामागे फरक १८ रुपये. ९,००० भागिले १८ म्हणजे ५००. पाचशे डब्यांना दोन्ही सारखेच पडतात. तीनशे हवे असतील तर डिजिटल ७,५०० आणि ऑफसेट ११,१००. दोन हजार हवे असतील तर डिजिटल ५०,००० आणि ऑफसेट २३,०००. इथवर सगळे येतात आणि "मग दोन हजारच टाका" म्हणतात.

आता पुढचं. दोन हजार छापले, सातशे विकले, आणि तेवढ्यात पत्ता बदलला. उरलेले तेराशे रद्दीत. खर्च झालेले २३,००० आता सातशेवर वाटायचे, म्हणजे डबा जवळजवळ ३३ रुपयांना पडला. तेच सातशे डिजिटलवर २५ रुपयांनी झाले असते. म्हणून आम्ही सांगतो, गणितात छापणार असलेली संख्या घालू नका, मजकूर बदलायच्या आत नक्की विकली जाईल ती संख्या घाला.

डाय, पंचिंग (आकारात कापणं) आणि पेस्टिंगचा (डबा चिकटवणं) खर्च वरच्या हिशोबात धरलेला नाही, कारण तो दोन्हीकडे येतो. डब्याचा आकार कापायची लाकडी डाय एकदाच करावी लागते आणि कागदावरची मांडणी तीच ठेवली तर पुढच्या छपाईलाही चालते.

आणखी एक मेख आहे. साधी डिजिटल मशीनं १३ बाय १९ इंचांच्या आसपासचा कागद घेतात. डबा उघडून सपाट पसरला तर तो या कागदात मावतो का ते आधी बघा. अर्धा किलो काजूकतलीचा मोठा डबा एका कागदात एकच बसला तर डिजिटलचा दर एकदम वर जातो, आणि मावलाच नाही तर चर्चाच संपते. ऑफसेटच्या मोठ्या कागदावर तेच चार-सहा बसतात.

मजकूर एवढा बदलतो का हो? माझं लेबल तर ठरलेलं आहे.

सगळे असंच म्हणतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांच्याकडे एमआरपी छापलेल्या पाऊचचे गठ्ठे पडून होते, त्यांनी दसरा-दिवाळी नव्या किमतीचे स्टिकर चिकटवण्यात घालवली. जुनं पॅकेजिंग वापरायला सरकारने मुदत दिली म्हणून बरं. तो बदल कुणाच्या हातात नव्हता, पण किंमत डिझाइनमध्येच छापायची की जागा मोकळी सोडायची हे आपल्या हातात होतं.

दुसरं कारण एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नंबर. घरून सुरुवात करणाऱ्यांकडे नोंदणी असते, तिचा १४ अंकी नंबर २ ने सुरू होतो. उलाढाल वाढली की परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा नंबर १ ने सुरू होतो. म्हणजे धंदा चांगला चालला हीच लेबल बदलायची वेळ. कळव्यातल्या एका ताईंचं असंच झालं. नंबर बदलला, जागाही कळव्याहून ऐरोलीला हलली, आणि वर्षभराचा छापून ठेवलेला माल एका महिन्यात जुना ठरला. त्यांना 'जास्त टाका, स्वस्त पडेल' हा सल्ला आम्हीच दिला होता. तेव्हापासून तो देणं बंद केलं.

शिवाय चव बदलते, वजन २०० ग्रॅमवरून १८० वर येतं, 'खमंग'चं 'घरगुती' होतं. पहिल्या वर्षात लेबल न बदललेला एकही नवा खाद्यउद्योजक आम्ही पाहिलेला नाही.

माझा आगरी मसाला आहे. छापील पाऊच किती कमीत कमी करता येतील?

घणसोली, कोपरखैरणे, दिवा, कळवा या पट्ट्यातून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. छापील पाऊच म्हटलं की माणूस ग्रॅव्हरच्या दारात पोचतो, आणि तिथे बोलणं नगांवर होत नाही, किलोवर होतं. प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, सात-आठ रंगांचं डिझाइन म्हणजे सात-आठ सिलिंडर, आणि त्यावर फिल्मचे रोल शेकडो किलोंच्या हिशोबात. मोठ्या फरसाणवाल्यांना हे फार स्वस्त पडतं, कारण एक सिलिंडर लाखो मीटर छापतो आणि रंग पहिल्या मीटरला तसाच शेवटच्या मीटरला. महिन्याला चाळीस किलो मसाला विकणाऱ्या माणसाला मात्र तो रोल तीन वर्षं पुरेल. तोवर मसाल्यापेक्षा पाऊचचाच वास येईल.

आमचा क्रम असा असतो. पहिले सहा महिने बाजारात मिळणारे तयार स्टँडअप पाऊच घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. जांभळी नाक्याच्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानांत चौकशी करा, झिपवाले, खिडकीवाले, क्राफ्टचे (जाड तपकिरी कागदाचे) असे प्रकार असतात. स्टिकर कागदी क्रोमोवर घेऊ नका. मसाल्याचा आणि तेलाचा हात लागला की तो डागाळतो. प्लॅस्टिक फिल्मचा स्टिकर थोडा महाग, पण सुक्या बोंबलाच्या चटणीलाही टिकतो. खप स्थिर झाला, तीन-चार प्रकार ठरले, की डिजिटल छपाईचे पाऊच विचारा. छोट्या संख्येत तेही आता होतात आणि सिलिंडरचा खर्च येत नाही. ग्रॅव्हर त्यानंतर.

एक बारकावा. पाऊचवरची चांगली छपाई बहुतेक वेळा वरच्या पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला, उलटी केलेली असते, आणि तिच्या मागे दुसरी फिल्म चिकटवलेली असते. म्हणून घासलं तरी शाई निघत नाही. नखाने खरवडून निघाली तर छपाई वरून केलेली आहे असं समजा.

स्क्रीनवर केशरी छान दिसतं, छापल्यावर विटकरी का होतं?

कारण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई शाईने. निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शाया मिळून स्क्रीनवरचे सगळे रंग तयार होत नाहीत. झगझगीत केशरी, पोपटी आणि जांभळा हे तीन तर हमखास मार खातात. आणि आपल्याकडे नेमके हेच तीन सगळ्यांना हवे असतात, भगव्यापासून पैठणीपर्यंत.

उपाय दोन. ऑफसेट, फ्लेक्सो आणि ग्रॅव्हरमध्ये पाचवा 'स्पेशल कलर' डब्यातच तयार करून घालता येतो. पॅन्टोनच्या, म्हणजे नंबर दिलेल्या रंगांच्या छापील कार्डावर बोट ठेवून सांगायचं, "हाच हवा." डिजिटलमध्ये शाई बाहेरून मिसळून घालायची सोय साधारणपणे नसते. काही भारी मशीनांवर केशरी आणि जांभळा हे जादा रंग असतात, तिथे बरंच जवळ जाता येतं. तुमच्या ब्रँडची ओळखच एका रंगावर उभी असेल तर हा मुद्दा दराच्या आधी घ्या.

सोनेरी-चंदेरीचंही तसंच. खरी चमक शाईने येत नाही, फॉइलने येते. फॉइल गरम ठशाने वेगळं चिकटवलं जातं, त्यामुळे खालची छपाई कुठली आहे याने फारसं बिघडत नाही.

मराठी मजकूर छापताना काय काळजी घ्यायची?

या प्रश्नाला वेळ देतो, कारण छपाईची पद्धत चुकली तर पैसे जातात, पण मराठी चुकलं तर नाव जातं.

पहिली अडचण फॉन्टची. बरेच डिझायनर अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये काम करतात. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला की 'थालीपीठ भाजणी'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसतो. युनिकोडचंही सगळं सरळ नसतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केलेली नसेल तर 'मिरची'तली पहिली वेलांटी 'म'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'निर्माता'मधला रफार पाय मोडून सुटा उभा राहतो. मराठी न वाचणाऱ्या ऑपरेटरला यात काहीच खटकत नाही. म्हणून फाइल देण्याआधी सगळी अक्षरं 'कर्व्ह' करून घ्या, म्हणजे ती अक्षर न राहता आकृती होतात आणि कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात. आणि कर्व्ह केल्यानंतर पुन्हा वाचा. आधी वाचलेलं जमेत धरू नका.

हे आमच्या अंगाशी आलेलं आहे. सुरुवातीच्या काळात एका डब्यावर 'शेंगदाणा लाडू' होतं. फाइल साफ करताना आमच्याच मुलाने अनुस्वाराचा ठिपका धूळ समजून काढला. प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) तिघांनी सह्या केल्या, एकाच्याही लक्षात आलं नाही. दोन हजार डबे 'शेगदाणा लाडू' म्हणून छापून आले. ऑफसेटचं काम होतं, थांबवायला मधे जागाच नव्हती. नव्या छपाईचा खर्च आम्ही सोसला. जुने डबे अजून आमच्याकडे स्टेशनरी ठेवायला वापरतो.

दुसरी अडचण बारीक अक्षरांची. देवनागरीत शिरोरेखा, मात्रा, अनुस्वार असं सगळं वर-खाली भरलेलं असतं. गडद तपकिरी पार्श्वभूमीवर पांढरा मराठी मजकूर ठेवलात, आणि तो तपकिरी चार शायांचा बनलेला असला, तर रंग केसभर सरकले तरी 'ध' आणि 'भ' यांच्या पोटात शाई शिरते. डिजिटलमध्ये चारही रंग एकाच मशीनमध्ये बहुधा नीट जुळून येतात, त्यामुळे बारीक मराठी तिथे उलट बरं दिसतं. फ्लेक्सोत, विशेषतः कोरुगेटेडवर, मऊ प्लेट दाबाने थोडी पसरते आणि अक्षर जाड होतं. आमचा नियम : काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, सहा पॉइंटखाली मराठी नाही, आणि गडदावर पांढरं असेल तर आठ पॉइंट आणि जाड फॉन्ट. काही कायदेशीर मजकुराच्या अक्षरांना किमान उंचीची अट असते, ती वेगळी पाळायची.

लेबलवर कायद्याने काय काय हवं, आणि त्याचा छपाईशी काय संबंध?

पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. खाद्यपदार्थ असेल तर घटक, पोषणमूल्य, अ‍ॅलर्जीची सूचना, बॅच, टिकण्याची मुदत, एफएसएसएआयचा नंबर, आणि शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनातला हिरवा गोल. मांसाहाराला आता गोलाऐवजी तपकिरी त्रिकोण आहे. जवळा-बोंबीलवाल्यांच्या जुन्या फाइलमध्ये अजून गोलच असतो, तो बदलून घ्या.

छपाईशी संबंध असा : बॅच, तारीख आणि एमआरपी कधीही डिझाइनमध्ये छापू नका. त्यासाठी एक पांढरी चौकट सोडा आणि माल भरताना कोडरने (तारीख-किंमत उमटवायच्या यंत्राने) किंवा शिक्क्याने उमटवा. त्या चौकटीवर यूव्ही किंवा वॉर्निशचा चकचकीत लेप येऊ देऊ नका, नाहीतर कोडरची शाई बोटाने पुसली जाते. डब्यावर लॅमिनेशन असेल तर कोणती शाई धरते ते रिकाम्या डब्यावर आधी बघून घ्या.

बारकोड लाल रंगात नको. स्कॅनर लाल प्रकाश टाकतो, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. पांढऱ्यावर काळा सगळ्यात सुरक्षित. मूळ मापाच्या ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका, आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊ नका. तपकिरी क्राफ्टवर छापायचा असेल तर स्कॅन करून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

डिजिटल छपाई घडीवर तडकते असं ऐकलंय. खरं आहे?

टोनरच्या मशीनवर, हो. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. गडद रंगाचा डबा क्रीजवर (घडीसाठी दाबलेल्या रेषेवर) दुमडला की पांढरी रेघ दिसते. वर लॅमिनेशन केलं, घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने घेतली आणि क्रीजिंग नीट खोल केलं की बरंच थांबतं. सोपा मार्ग म्हणजे घडीवर गडद रंगच येऊ द्यायचा नाही, आणि हे डिझायनरला पहिल्या दिवशी सांगायचं. ऑफसेटमध्ये शाईचा थर पातळ असतो, तिथे हा त्रास कमी.

खाण्याच्या मालाला शाई लागली तर?

लागताच कामा नये. अन्नाच्या पॅकेजिंगचे २०१८ चे नियम सांगतात की छापलेली बाजू अन्नाला थेट टेकता कामा नये, आणि शाई आयएस १५४९५ या मानकाप्रमाणे हवी. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधणंही त्याच नियमांनी बंद आहे, वडापाववाल्यांना अजून कोणीतरी सांगायला हवं. मिठाईच्या डब्यात आतून बटर पेपर किंवा वेगळा ट्रे घाला. ग्रॅव्हरचे पाऊच हातात आले की एक उघडून नाक लावा. उग्र, नेलपॉलिशसारखा वास आला तर शाईतला सॉल्व्हंट पूर्ण उडालेला नाही. तो माल भरू नका, परत पाठवा.

प्रत्येक डब्यावर वेगळं नाव किंवा वेगळा क्यूआर कोड छापता येतो का?

डिजिटलवर सहज. लग्नाच्या लाडवाच्या डब्यावर प्रत्येक पाहुण्याचं नाव, किंवा प्रत्येक खोक्याला वेगळा अनुक्रमांक. एक्सेलची यादी द्यायची, मशीन एकेक ओळ उचलतं. साच्याच्या छपाईत हे होत नाही, कारण साचा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो.

वाशी मार्केटला आंबा पाठवतो. पेटीवर छपाई कोणती?

कोरुगेटेडवर फ्लेक्सो, एक किंवा दोन रंग. हुबेहूब फोटोसारखा आंबा पेटीवर उमटवायच्या नादाला लागू नका. तपकिरी क्राफ्टवर पिवळा मळकट दिसतो, कारण खाली पांढरं नसतं. शिवाय आतल्या नालीच्या रेघा छपाईतून पट्ट्यांसारख्या दिसतात. जाड रेषेचं चित्र, मोठं नाव, गावाचं नाव, डझनांची चौकट, बस. फ्लेक्सोची प्लेट नीट धुऊन ठेवली तर पुढच्या मोसमांनाही चालते, म्हणून पेटीवर वर्ष छापू नका.

भेट द्यायची देखणी पेटी हवी असेल तर कागद ऑफसेटवर छापून तो बारीक नालीच्या बोर्डावर चिकटवतात. आणि पन्नासच पेट्या असतील तर स्क्रीन प्रिंटिंग करा किंवा चक्क रबरी शिक्का मारा. क्राफ्टवर नीट मारलेला शिक्का महागड्या छपाईपेक्षा जास्त खरा वाटतो, हे आमचं मत. यात आमचं काम जातं, तरी मत तेच.

दोन्ही पद्धती एकत्र वापरता येतात का?

हाच पर्याय आम्ही सगळ्यात जास्त सुचवतो आणि लोक सगळ्यात उशिरा ऐकतात. जे बदलणार नाही ते ऑफसेटवर मोठ्या संख्येने छापा : लोगो, रंग, नक्षी. जे बदलतं ते डिजिटल स्टिकरवर : प्रकार, वजन, घटक, नंबर. नौपाड्यातल्या एका काकूंचे चकली, चिवडा, शंकरपाळी, अनारसे असे आठ प्रकार होते. आठ वेगळे डबे छापायचे म्हणून दोन वर्षं अडून बसल्या होत्या. आता डबा एकच आहे, झाकणावर गोल स्टिकर तेवढा वेगळा. अनारशाचे डबे उरले आणि चिवड्याचे संपले, ही दिवाळीतली नेहमीची रडकथाही संपली.

प्लेट, डाय, सिलिंडर कोणाचे?

ज्याने पैसे दिले त्याचे, पण बिलात वेगळी ओळ असेल तरच. 'छपाई खर्च' या एका आकड्यात सगळं घातलेलं असेल तर पुढे छापखाना बदलताना वाद होतो. ऑफसेटच्या प्लेटा सांभाळायच्या फंदात पडू नका, पुढच्या वेळी नव्याच करतात. डाय आणि सिलिंडर मात्र कुठे ठेवलेत ते लिहून घ्या. ऑर्डरपेक्षा पाच-दहा टक्के नग कमी-जास्त येतील हेही आधीच बोलून ठेवा.

पावसाळ्यात छपाई टाळावी का?

टाळायची गरज नाही, पण जुलैत ठाण्याची हवा कागद ओला केल्यासारखी करते. बोर्ड दमट हवेत पसरतो आणि वाकतो, मग पंचिंग छपाईच्या रेषेवर बसत नाही. कोरुगेटेड खोक्याची ताकदही दमटपणाने घटते. पोटमाळ्यावर रचलेली खोकी खालून बसतात ती यामुळे. पावसाळ्यात माल कमी मागवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला घ्या, भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवा.

दिवाळीचे डबे कधी टाकायचे?

गणपतीच्या आधी डिझाइन पक्कं, गणपती उठले की छपाई. नवरात्रात आलेल्याला आम्ही ऑफसेटला हात लावू देत नाही. छपाई दोन दिवसांत होईलही, पण लॅमिनेशन, पंचिंग आणि पेस्टिंगवाल्यांकडे तोवर रांग लागलेली असते. तिथे डिजिटलचा फायदाही फारसा उरत नाही, कारण पुढची कामं तीच असतात. उशीर झालाच असेल तर साधा तयार डबा, त्यावर डिजिटल पट्टी. वाईट दिसत नाही.

छपाई चालू असताना बघायला जाता येतं का?

ऑफसेटला जाच. मशीनवर रंग थोडा कमी-जास्त करता येतो, आणि तो हक्क सही करेपर्यंतच असतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी पकडून रबाळ्याला उतरलात की रिक्षाने एमआयडीसी जवळ आहे. आधी फोन करा, इकडचे काही कारखाने रविवारी चालू आणि शुक्रवारी बंद असतात. सोबत मंजूर केलेलं प्रूफ न्या, मोबाइलमधला फोटो नको. मागच्या खेपेचा एक डबा न्या. रंग टेबलावरच्या प्रमाणित दिव्याखाली जुळवा, आणि मग तोच कागद दाराशी नेऊन उन्हात बघा, कारण गिऱ्हाईक तो दुकानाच्या बाहेरच बघणार आहे. आणि नाव एकदा मोठ्याने वाचा. अनुस्वारासकट.